फायनलवरची बाहुली

"टॉवर, किलो लिमा. फायनलवर आहे. समोर बाहुली आहे."

फायनल म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत, उतरायच्या अगदी शेवटच्या टप्प्यात. रेडिओवर मी आजवर बरंच ऐकलंय. पक्षी, कुत्रं, रनवेच्या मधोमध बसलेली म्हैस. एकदा एका मुलाने 'टॉवर, मला पुढचं काही आठवत नाहीये' असंही सांगितलं होतं. बाहुली मात्र पहिल्यांदाच.

"किलो लिमा, पुन्हा सांग."

"बाहुली, मॅम. काळी. पाय हलवतेय."

रेडिओवर आम्ही इंग्रजीत बोलतो, तेही घोकून पाठ केलेल्या वाक्यांत. त्या वाक्यांत बाहुलीची सोय नसते. म्हणून किलो लिमा या विमानातली आमची विद्यार्थिनी हर्षदा मराठीवर आली असणार. मी दुर्बीण उचलली आणि रनवेच्या टोकाकडे पाहिलं. आकाशात एक ड्रोन उभा होता. त्याच्या पोटाखाली, हातभर दोरीला, ट्रकच्या मागे बांधतात तशी काळी कापडी बाहुली लटकत होती. आणि खरंच पाय हलवत होती.

"किलो लिमा, गो-अराउंड! गो-अराउंड!"

गो-अराउंड म्हणजे उतरू नकोस, पूर्ण पॉवर दे, वर चढ आणि एक चक्कर मारून परत ये. इंजिनाचा आवाज वाढला, नाक वर झालं आणि विमान ड्रोनच्या पुष्कळ वरून निघून गेलं. मी दुर्बीण खाली ठेवली. मग मला आठवलं, की ही पोर आज आयुष्यात पहिल्यांदा एकटी उडते आहे.

आधी थोडं आमच्या जागेबद्दल. मी मूळची पारोळ्याची. धुळे जिल्ह्यातल्या एका लहान धावपट्टीवर, विमान शिकवणाऱ्या संस्थेत मी टॉवर सांभाळते. टॉवर म्हणायचं म्हणून टॉवर. दुमजली खोली, चारी बाजूंनी काचा, रेडिओ, दुर्बीण, वाऱ्याचा काटा आणि चहाचा थर्मास. कोणी उडायचं, कोणी थांबायचं, कोणी उतरायचं हे मी सांगते. घरी माझं कोणी ऐकत नाही, त्यामुळे ही नोकरी मला फार आवडते.

पूर्वी माझ्या आकाशात फक्त विमानं आणि घारी असत. आता ड्रोन आले आहेत आणि माझा फोन दिवसभर वाजतो. केळीवर फवारणी आहे, जमिनीची मोजणी आहे, लग्नाचं शूटिंग आहे. ड्रोन उडवणाऱ्यांसाठी सरकारी नकाशा असतो. त्यात हिरव्या भागात उडवा, पिवळ्या भागात आधी विचारा आणि लाल भागात विसरा, असा साधा हिशेब. आमच्या आसपासचा बराच भाग पिवळा आहे, म्हणून विचारणारे माझ्यापर्यंत येतात. एकाला नवरदेवावर फुलं टाकायची होती. मी विचारलं, "किती उंचीवरून?" तो म्हणाला, "नवरदेव घोडावर शे ताई, त्यानापेक्षा जरासं वर." नकाशात अशी उंची मला अजून सापडलेली नाही.

या सगळ्यांत माझी लाडकी होती सुवर्णा वहिनी. गावच्या बचत गटाचा फवारणीचा ड्रोन ती चालवायची. रीतसर ट्रेनिंग घेतलेलं, सर्टिफिकेट असलेलं काम. तिचं स्वतःचं हरभऱ्याचं शेत आमच्या रनवेच्या टोकाला लागून होतं, आणि ती कधीही न विचारता उडवत नसे. तिचा ड्रोन पिकाच्या वर तीन मीटर चालायचा, म्हणजे बांधावरच्या निंबापेक्षाही खाली. विमानं वरून जायची, वहिनी खालून फवारायची, मधली हवा दोघांना पुरायची. आम्ही हंगामभर असंच चालवलं होतं.

आणि हर्षदा ही सुवर्णा वहिनीची सख्खी नणंद. लहानपणी त्याच शेताच्या बांधावर बसून विमानं मोजत मोठी झालेली. एका घरात दोन पायलट, एक विमानाची आणि एक ड्रोनची. दोघींची रोज चिडवाचिडवी चालायची. "तुझं पिकाच्या वर जात नाही," असं हर्षदा म्हणायची. वहिनी म्हणायची, "तुझं मास्तरशिवाय जात नाही."

त्या दिवशी मास्तरशिवाय जायची वेळ आली होती. याला फर्स्ट सोलो म्हणतात. रोज शेजारी बसणारा इन्स्ट्रक्टर एक दिवस विमानातून उतरतो, दार लावतो आणि म्हणतो, जा. एक टेक-ऑफ, धावपट्टीभोवती एक चक्कर, एक लँडिंग. एवढंच. पण पायलट लोक लग्नाचा दिवस विसरतील, हा विसरत नाहीत.

हर्षदाचा सोलो आधी धुक्याने हुकला होता, मग वाऱ्याने. थंडीतल्या सकाळी उन्हं जरा वर आली की आमच्याकडे वारा सुटतो, आणि सोलोला वारा चालत नाही. फवारणीलाही चालत नाही. त्यामुळे नणंद-भावजय दोघींना एकच शांत तास हवा होता, आणि मी दोघींनाही तो दिला. तीन मीटरच्या वर जायचं नाही, असं वहिनीला फोनवर बजावलं. ती म्हणाली, "ताई, मी काय आज पहिल्यांदा उडवतेय का?"

सोलो बघायला अख्खं घर आलं होतं, आणि त्यात भटू आबा. हर्षदाचे आजोबा. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून काळी बाहुली काढली आणि आमचे मुख्य इन्स्ट्रक्टर कॅप्टन लेले यांच्यासमोर धरली.

"हाई पुढे बांधी द्या. पंखाले."

कॅप्टन लेले पुण्याचे. फिरत्या पंख्याला बाहुली, या कल्पनेनेच त्यांचा चेहरा उतरला. "आबा, विमानाला काहीही बांधायचं नाही. दोरासुद्धा नाही."

"ट्रकले चालस, ट्रॅक्टरले चालस. इमानले काबर नही?"

"ट्रक आकाशातून पडत नाही, आबा."

"तेच तं म्हनी राह्यनू! पडत नही त्याले बांधतस. जे पडी शकस त्याले बांधाले नको का?"

"नियम आहे," एवढं म्हणून कॅप्टन लेले वळले. आबांनी बाहुली पिशवीत ठेवली. मला वाटलं विषय संपला. नऊवारीतल्या दोन काकू मात्र आबांकडे बघून हसत होत्या, आणि ते हसणं मी तेव्हा ओळखायला हवं होतं.

पुढचं मला नंतर कळलं. सोलो नीट दिसावा म्हणून आबांसकट सगळे वहिनीच्या बांधावर जाऊन उभे राहिले, गावातले लोकही तिथे जमले. वहिनीने बांधावर ड्रोन तपासला, टाकी भरली, सगळं ठाकठीक केलं. तेवढ्यात हर्षदाने टेक-ऑफ घेतला. वहिनीसकट सगळ्यांच्या माना वर. सगळ्यांना विमान दिसलं, आबांना संधी दिसली. त्यांनी बाहुली ड्रोनच्या पोटाला बांधली आणि कोणाला दिसू नये म्हणून ड्रोनच्या पायांमध्ये नीट बसवून ठेवली. त्यांचा हिशेब सरळ होता. विमानाला बांधू देत नाहीत ना, मग हाही घरचाच आहे, हाही आभाळात जातो. नजर लागायची ती आधी याला लागेल, पोरगी सुटेल.

वहिनीने ड्रोन उचलला. बाहुली सुटून खाली लोंबली. आणि गंमत इथे सुरू झाली.

फवारणीच्या ड्रोनच्या पोटाखाली एक रडार असतं. ते सतत खालचं पीक किती दूर आहे ते मोजतं. पीक जवळ आलं की ड्रोन वर सरकतो, लांब गेलं की खाली येतो. तीन मीटर राखायचं कामच त्याचं. आता त्या रडारला पोटाखाली हातभरावर काहीतरी दिसलं. ते म्हणालं, अरे बापरे, पीक तर टेकलंच. ड्रोन वर गेला. बाहुलीही वर गेली. ड्रोन आणखी वर गेला. बाहुली तिथेही हजर. आपल्याच पोटाला बांधलेल्या बाहुलीला घाबरून तो पळत होता, आणि कंपनीने ठरवलेली शेवटची उंची आल्यावर नाइलाजाने थांबला. ती उंची तीस मीटर. उतरणारं विमान त्या शेतावरून जातं तेव्हा जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असतं.

"कोणी परवानगी दिली त्या ड्रोनला?" कॅप्टन लेले धापा टाकत जिना चढून वर आले.

"मी, सर. तीन मीटरची."

"हे तीन मीटर आहेत?"

"नाही सर. बाहुली आहे."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला मात्र बाहुली लागली असती.

मी वहिनीला फोन लावला. एरवी ती माझ्याशी शुद्ध ऑफिसचं मराठी बोलते. त्या दिवशी ते पार गळून पडलं होतं. "ताई, हाऊ खाले येतच नही! मी खाले दाबस, हाऊ जरासा येस आनि परत वर जास! त्याले काय व्हयनं माले समजत नही!"

"रडार बंद करा ना."

"ते हवेमा बंद होत नही, ताई! जमीनवरच होस!"

रेडिओ बोलला. "टॉवर, किलो लिमा, डाउनविंड." म्हणजे हर्षदा चक्कर मारून धावपट्टीला समांतर आली होती. आवाज एका पट्टीने वर चढला होता. पोर घाबरत होती.

"किलो लिमा, तिथेच गोल फिरत राहा. मी सांगते कधी यायचं ते. छान उडतेयस."

"मॅम, बाहुली कोणाची आहे?"

"तुझ्या आबांची."

रेडिओच्या खरखरीतून एक बारीक खुसखुस ऐकू आली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हसणारा माणूस विमान सरळ उडवतो, एवढं मला या खुर्चीने शिकवलंय.

कॅप्टन लेले काचेला नाक लावून उभे होते. "दुसऱ्या बाजूने उतरवू."

"तिकडे विजेच्या तारा आहेत, सर. तिने तिकडून एकही लँडिंग केलेलं नाही."

"बॅटरी संपली की येईल ना तो खाली?"

"येईल. पण दगडासारखा. टाकीत औषध भरलंय आणि खाली अख्खं गाव उभं आहे."

मी वहिनीला आधी सगळ्यांना शेताबाहेर काढायला सांगितलं. फोनमधून आबांचा आवाज येत होता, "बठ्ठा बाजूले व्हा रे! मनी बाहुली काम करी राह्यनी!" माणसं हलली. वाऱ्याचा काटाही हलला. वारा उठत होता. थोड्या वेळात तो सोलोच्या मर्यादेबाहेर जाणार, आणि मग एकट्या पोरीला आडव्या वाऱ्यात उतरवावं लागणार.

पण त्याच वाऱ्याने वाट दाखवली. मी दुर्बिणीतून बघत होते. एक झुळूक आली, बाहुली तिरकी उडाली, आणि ड्रोन चांगला पुरुषभर खाली आला. झुळूक गेली, बाहुली परत पोटाखाली आली, ड्रोन टुणकन वर. मला वाटलं भास झाला. पुन्हा झुळूक. पुन्हा तेच. बाहुली बाजूला गेली की रडारला खरी जमीन दिसत होती. कापडाची हलकी बाहुली, तिला उडायला वारा किती लागणार? आणि वारा नसेल तर तो आपणच तयार करायचा.

"वहिनी! त्याला पळवा!"

"काय?"

"जोरात पळवा. बाहुली मागे उडेल, तो खाली येईल. पण थांबवायचा नाही. थांबला की परत वर जाईल."

"मंग उतारू कशी? पयता पयता?"

मी दुर्बीण फिरवली. शेताच्या पलीकडच्या टोकाला, रनवेपासून लांब, ज्वारीच्या कडब्याची मोठी गंजी रचलेली होती. "कडब्यात घाला."

तो ड्रोन तिचा एकटीचा नव्हता. गटातल्या बायकांनी मिळून घेतलेला, गावात पहिल्यांदा त्यांच्या नावावर झालेली वस्तू. तो हवेत नेणारी गावातली पहिली बाई ही. आणि मी तिला तो गंजीत आपटायला सांगत होते. मला तिच्या जागी असायला आवडलं नसतं.

मग ती बोलली. आवाज एकदम शांत होता. "ड्रोन दुसरा ई जाई. हर्षू दुसरी कोठून ई?"

ड्रोनने नाक खाली घातलं आणि सुसाट निघाला. बाहुली मागे आडवी झाली, दोन्ही पाय आकाशात. कॅप्टन लेले ओरडले, "येतोय, येतोय, येतोय!" तो खरंच येत होता. उतरत्या घसरगुंडीवरून यावा तसा, हरभऱ्यावरून, बांधावरून, पळणाऱ्या दोन शेळ्यांवरून. निंबाला वळसा घालताना वेग जरा कमी झाला, बाहुली पोटाकडे आली आणि ड्रोनने एक उडी घेतली. मी फोनमध्ये किंचाळले, "पळवा!" वहिनीने पुन्हा पिटाळला. आणि मग सगळाच्या सगळा ड्रोन कडब्याच्या गंजीत घुसला. वर पाचोळ्याचा ढग उठला.

ढग खाली बसला. गंजीतून फक्त बाहुलीचे पाय बाहेर दिसत होते.

कॅप्टन लेल्यांनी मला मिठी मारली. मग आपण मिठी मारली हे लक्षात येऊन ते खोकले आणि वाऱ्याचा काटा बघायला लागले. "मर्यादेत आहे," ते म्हणाले. "बोलवा तिला."

"किलो लिमा, रनवे मोकळा आहे. ये."

हर्षदा आली. निंबावरून, हरभऱ्यावरून, सगळ्या गावाच्या वर केलेल्या तोंडांवरून. चाकं टेकली, विमानाने एक छोटी उडी मारली, पुन्हा टेकली आणि धावत सुटली. मी माइकवर काय बोलले ते मला आठवत नाही. रेकॉर्डिंगमध्ये म्हणे मी फक्त "अगं बाई, अगं बाई" म्हणते आहे. पाठ केलेल्या वाक्यांत तेही बसत नाही.

फर्स्ट सोलो झाला की पायलटवर बादलीभर थंड पाणी ओततात. जगभर पद्धत आहे. आमच्याकडे बादली कॅप्टन ओततात. त्या दिवशी त्यांनी ती वहिनीच्या हातात दिली. वहिनी शेतातून धावत आली होती, केसांत कडबा, डोळ्यांत पाणी. तिने हर्षदावर अर्धी बादली ओतली आणि उरलेली स्वतःवर ओतून घेतली. दोघी एकमेकींना धरून हसत होत्या आणि रडत होत्या, आणि मधूनमधून हर्षदा विचारत होती, "तुझं पिकाच्या वर कधीपासून जायला लागलं गं?"

कॅप्टन लेले मात्र आबांसमोर जाऊन उभे राहिले. ते चांगलाच दम भरायला आले होते. "आबा, काय होऊ शकलं असतं याची कल्पना आहे का तुम्हाला?"

आबांच्या मांडीवर बाहुली होती. गंजीतून काढून आणलेली, एक हात फाटलेला. "शे ना कल्पना," आबा म्हणाले. "नजर लागनी का नही? लागनी. कोनले लागनी? ड्रोनले. त्याना पाय मोडना. मनी पोर उतरनी ना हासत हासत? मंग!"

कॅप्टन लेल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मदतीला गेले नाही. मला स्वतःलाच त्यात चूक कुठे आहे ते पटकन सापडत नव्हतं.

मग आबांनी मान खाली घातली आणि अगदी हळू बोलले. "साहेब, तुम्ही तिना संगे रोज बठत व्हतात. आज तुम्हीबी उतरी गयात. मंग संगे कोनी तं जायाले पाहिजे ना?"

कॅप्टन लेल्यांनी दम भरायचं सोडून दिलं आणि ते आबांच्या शेजारी बाकावर बसले.

रिपोर्ट मला लिहावाच लागला. वरच्या ऑफिसमधून फोन आला, "मॅडम, इथे 'बाहुली' लिहिलंय. हा काही कोडवर्ड आहे का?" मी म्हटलं, नाही सर, बाहुलीच. कापडी. शेवटी असं ठरलं, की वहिनीने कामात काही चूक केलेली नाही, उलट ड्रोन सोडून विमान वाचवलं. सर्टिफिकेट शाबूत राहिलं. ड्रोनचा मोडलेला पाय आणि एक हात बदलून झाला, आणि तो परत हरभऱ्यावर फिरायला लागला. आता वहिनी तो उचलण्याआधी वाकून पोटाखाली हात फिरवते. सोलोच्या चक्करीला मी शेजारचे सगळे ड्रोन जमिनीवर ठेवते, मग ते तीन मीटरचे असोत नाहीतर तीन बोटांचे. आणि टाकीतलं औषध लागलेला तो कडबा बैलांना घालू नका, हे मी आबांना तीनदा सांगितलं.

आणखी एक गोष्ट बदलली. आमच्याकडे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी असते, विंडसॉक. तिच्या खांबाला, जमिनीपासून हात पोचेल एवढ्या उंचीवर, कॅप्टन लेल्यांनी एक लोखंडी हूक ठोकून घेतला. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परवा मुक्ताईनगरच्या एका मुलाचा सोलो होता. त्याची आई पदराआड काहीतरी लपवून विमानाकडे सरकत होती. कॅप्टन आडवे गेले. मी वरून बघत होते. त्यांनी अदबीने तिच्या हातातलं लिंबू-मिरची घेतलं, खांबापाशी गेले, हुकाला अडकवलं आणि दोनदा ओढून पक्कं बसलंय का ते तपासलं. हुकाला फाटक्या हाताची एक काळी बाहुली आधीच होती. मुलगा उडाला, फिरला, उतरला.

विमान, ड्रोन, घारी, सगळ्यांना आकाशात जागा नेमून द्यायचं माझं काम. पण खाली उभ्या असलेल्या माणसांच्या काळजीला जागा नेमून द्यायचं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिला जागा दिली नाही तर ती आपली जागा आपण शोधते, आणि बरोबर फायनलवर येऊन लटकते.